मुलांचा व तरुणांचा रक्तकर्करोग : कळमन्यातील भाविकांनी जाणून घ्यावे असे काही

रक्ताच्या कर्करोगाचे नाव निघाले की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर चित्रपटातील एखादे दृश्य उभे राहते. १९७१ साली आलेल्या 'आनंद'मधील नायकाला आतड्यांचा लिम्फोसार्कोमा झालेला असतो. १९७८ च्या 'अँखियों के झरोखों से' या चित्रपटात लिली ही ख्रिस्ती तरुणी ल्युकेमियाने जग सोडून जाते. हे चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकांच्या मनात एकच समीकरण पक्के झाले : रक्ताचा कर्करोग म्हणजे मृत्यू. त्या काळी आपल्या देशात ते फारसे खोटेही नव्हते. आज मात्र ते खोटे आहे आणि तरीही ते टिकून आहे. निदान झाल्यावर 'आता काय उपयोग' असे म्हणून मुलाला घरी घेऊन जाणारी माणसे अजूनही भेटतात. म्हणून या आजाराची माहिती थोड्या विस्ताराने करून घेणे अगत्याचे वाटते.

कळमना हे नाव नागपूरकरांना ठाऊक आहे ते तेथील कृषी उत्पन्न बाजारामुळे. आजाराचे स्वरूप समजावून घेण्यासही हा बाजार उपयोगी पडेल. आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा नावाचा मऊ भाग असतो. शरीराचे सारे रक्त तेथे तयार होते. प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट हा तेथून निघणारा माल. पेशी पिकून तयार झाली की मगच ती मज्जेतून बाहेर पडते. ल्युकेमियात पांढऱ्या पेशींच्या एका कच्च्या पेशीत बिघाड होतो. ती पिकत नाही, मरत नाही, फक्त स्वतःसारख्या दुसऱ्या पेशी निर्माण करीत राहते. संत्र्यांच्या हंगामात कुणी बाजाराच्या आवारात हिरव्या, न विकल्या जाणाऱ्या फळांचे ढीगच्या ढीग ओतत राहिले, तर चांगला माल उतरवायला जागा उरणार नाही आणि आत आलेली गाडी बाहेर पडू शकणार नाही. मज्जेचे असेच होते. तांबड्या पेशी घटल्यामुळे मूल पांढरेफटक पडते, प्लेटलेट घटल्यामुळे रक्तस्राव होतो आणि उपयोगी पांढऱ्या पेशी घटल्यामुळे ताप हटत नाही. आजाराची जवळजवळ सर्व लक्षणे या एका गोष्टीतून निघतात.

मुलांना होणाऱ्या सर्व कर्करोगांपैकी सुमारे एकतृतीयांश रक्ताचे असतात. त्यांतही अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, ज्याला डॉक्टर 'ए.एल.एल.' म्हणतात, तो सर्वाधिक आढळतो आणि दोन ते पाच वर्षांच्या वयात त्याचे प्रमाण सर्वांत जास्त असते. दुसरा मायलॉइड प्रकारचा, म्हणजे 'ए.एम.एल.'. तो मुलांत कमी, वय वाढेल तसा अधिक. रक्तपेशींचा कर्करोग मज्जेऐवजी लसिकाग्रंथींत वाढला तर त्याला लिम्फोमा म्हणतात. पौगंडावस्थेत आणि विशी-पंचविशीत हॉजकिन लिम्फोमा बराच दिसतो. हे सर्व आजार एका नावाखाली ओळखले जात असले तरी त्यांचे औषध, उपचाराचा काळ आणि बरे होण्याची शक्यता यांत मोठे अंतर आहे. शेजारच्या गल्लीतील एखाद्या मुलाचे काय झाले यावरून आपल्या मुलाचे भाकीत करू नये, याचे कारण हेच.

हा आजार का होतो, हा प्रश्न प्रत्येक माता विचारते. बहुतेक वेळा पेशींचे विभाजन होताना जनुकांत अकस्मात घडलेली चूक एवढेच त्याचे उत्तर असते. ए.एल.एल. च्या काही प्रकारांत तर पहिला बदल गर्भावस्थेतच झालेला असतो, असे जन्माच्या वेळी घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून सिद्ध झाले आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत धोका अधिक असतो, परंतु बहुसंख्य मुलांच्या घराण्यात असा आजार कुणालाच झालेला नसतो. तो संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने तो लागत नाही. आईने गरोदरपणी काय खाल्ले किंवा काय पाहिले याचाही त्याच्याशी संबंध नाही. आईवडिलांच्या पापाचे फळ म्हणून या आजाराकडे पाहणारे लोक आपल्यातही आहेत. ते त्या कुटुंबावर दुसरा घाव घालीत असतात.

विदर्भातील तीन फसगती

लक्षणे सांगणे सोपे आहे. दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळणारा ताप, वाढता फिकेपणा, त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लालसर-जांभळे ठिपके, न लागता-पडता उमटणारे काळेनिळे डाग, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, मान-काख-जांघेतील गाठी, यकृत-प्लीहा वाढल्याने फुगलेले पोट आणि हाडांचे दुखणे. खेळणारे मूल अचानक लंगडू लागते, चालायला नकार देते, रात्री पाय दुखतात म्हणून रडते. यातील प्रत्येक लक्षण साध्या आजारातही आढळते आणि बहुतेक वेळा तो साधाच आजार असतो. अडचण येथेच आहे.

आपल्या भागात पहिली फसगत सिकलसेलची होते. पूर्व विदर्भात सिकलसेल हा आजार पुष्कळ घरांत आहे. पांढरे पडलेले मूल आणि हाडांचे दुखणे म्हटले की तोच आठवतो. ज्याला सिकलसेल आहे त्याला दुसरा आजार होणार नाही असे मात्र नाही आणि नुसत्या वाहक मुलाला तर सहसा अशा वेदना होतच नाहीत. सिकलसेलमध्ये त्वचेवर रक्ताचे ठिपके उमटत नाहीत, ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरी फसगत क्षयरोगाची. मानेतील गाठ, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटलेले वजन ही क्षयाची लक्षणे आपण सर्व जाणतो. हॉजकिन लिम्फोमाचीही नेमकी हीच लक्षणे असतात. क्षय आपल्याकडे कितीतरी अधिक असल्यामुळे गाठीचा तुकडा न तपासताच सहा महिन्यांचे औषध सुरू होते. सुईने थोडे पाणी काढून केलेली तपासणी लिम्फोमा ओळखण्यास अनेकदा अपुरी पडते. त्यासाठी संपूर्ण गाठ काढून ती तपासावी लागते. औषध सुरू होऊन दीड-दोन महिने लोटले आणि गाठ तशीच वा मोठी असेल, तर 'बायोप्सी करायची का' हा प्रश्न रुग्णाने स्वतः विचारावा. डॉक्टरांचा त्यात अवमान नाही.

तिसरी फसगत सर्वांत घातक. ताप उतरत नाही म्हणून मुलाला डेक्सामेथासोन वा प्रेडनिसोलोन दिले जाते. कधी ते डॉक्टरी चिठ्ठीवर असते, कधी एखाद्या अनाम पुडीतून जाते. ही स्टेरॉइड औषधे ल्युकेमियाच्या पेशींना काही दिवस वितळवितात. मूल टवटवीत दिसू लागते, घरात आनंद होतो, रक्ताची तपासणी केली तर तीही जवळपास ठीक येते. काही आठवड्यांनी आजार परततो, तेव्हा त्याचे निदान अवघड झालेले असते आणि काही पेशी औषधाला सरावलेल्या असतात. कारण न कळता स्टेरॉइड घेणे टाळावे आणि घेतले असेल तर कर्करोगतज्ज्ञांना ते आवर्जून सांगावे.

यांवर पहिला उपाय महागडा नाही. रक्ताची संपूर्ण मोजणी, अर्थात सी.बी.सी., आणि त्याबरोबर स्लाइडवर रक्त पसरून पॅथॉलॉजिस्टने डोळ्यांनी केलेली पाहणी. यंत्राचा आकडा पुरेसा नसतो, स्लाइड पाहिली का हे विचारावे. संशय आल्यास कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासतात आणि पेशींचा नेमका उपप्रकार ठरवतात. या तपासण्या चांगल्या केंद्रात व्हाव्यात, कारण पुढील दोन-तीन वर्षांची दिशा त्यांवर ठरते.

परळच्या दोन इमारती आणि अंगणातील सदाफुली

या आजाराचा पहिला उपचार अमेरिकेत सापडला असे पुस्तके सांगतात. ते खरे आहे, परंतु त्याचे एक मूळ मुंबईत आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. गिरणगावातील गरोदर स्त्रियांना एक विशिष्ट प्रकारचा पंडुरोग होत असे आणि अनेकींचा त्यात अंत होई. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना त्यांना आढळले की यीस्टच्या अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखले गेलेले जीवनसत्त्व. आजही गरोदर स्त्रियांना शासकीय दवाखान्यात लोहाबरोबर जी गोळी मिळते, तिच्यात हेच असते.

दुसरे नाव डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे. १८९५ साली आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेला हा शास्त्रज्ञ अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या संशोधन विभागाचा प्रमुख झाला. त्यांच्या चमूने फॉलिक अॅसिड प्रयोगशाळेत तयार केले. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक अॅसिडवर्गीय द्रव्य देऊन पाहिले, तेव्हा आजार उलट अधिक बळावल्याचे दिसले. या दुर्दैवी निरीक्षणातून एक विचार पुढे आला : ज्या द्रव्यावर या पेशी पोसतात त्याची नक्कल करून त्यांना फसविले तर? सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक अॅसिडविरोधी अॅमिनोप्टेरिन तयार करून पाठविले. १९४८ च्या जून महिन्यात फार्बर यांनी प्रसिद्ध केले की १६ मुलांपैकी १० मुलांच्या आजारात सुधारणा झाली. ती काही महिन्यांचीच होती, मुले पुढे दगावली. तरीही रक्ताचा कर्करोग औषधाने मागे हटतो हे मानवाने प्रथमच पाहिले. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवर्तले. आपल्या भागात हत्तीरोगाच्या मोहिमेत घरोघरी ज्या डी.ई.सी. गोळ्या वाटल्या जातात, तेही त्यांच्याच चमूचे औषध. त्यांचे नाव आपल्या शाळांतून क्वचितच ऐकू येते, याचे वाईट वाटते.

तिसरी गोष्ट आपल्या अंगणातील आहे. सदाफुलीच्या पानांतून काढलेले व्हिंक्रिस्टिन हे औषध १९६३ पासून वापरात आहे आणि आजही ए.एल.एल. च्या जवळजवळ प्रत्येक मुलाला ते शिरेतून दिले जाते. काही मिलिग्रॅम औषधासाठी पानांचे ढीग लागतात. म्हणून सदाफुलीची फुले चावून वा काढा करून घेणे हा उपचार होत नाही. वनस्पतीत कित्येक विषारी द्रव्ये एकत्र असतात, त्यांचे प्रमाण पानागणिक बदलते आणि आजारी मुलाच्या मज्जेला ती अधिकच दुबळी करू शकतात.

एकेका औषधाने आजार दबत असे आणि परत येत असे. सर्व औषधे एकाच वेळी, शिस्तीने, दीर्घकाळ द्यावीत आणि मेंदूभोवतीच्या पाण्यात दडलेल्या पेशींपर्यंतही पोहोचावे, हा धाडसी विचार डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी अमेरिकेतील मेम्फिस शहरातील सेंट ज्यूड बालरुग्णालयात अमलात आणला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तेथील निम्मी मुले दीर्घकाळ आजारमुक्त राहू लागली. या रुग्णालयाची कथा आपल्या वाचकांना भावेल. लेबनीज मारोनाईट कॅथलिक कुटुंबातील विनोदी नट डॅनी थॉमस हा तारुण्यात काम मिळेना म्हणून हताश झाला होता. संत यूदा थदेय याच्याकडे त्याने मार्ग मागितला आणि मार्ग सापडल्यास तुझ्या नावाचे स्मारक उभारीन असे वचन दिले. पुढे कीर्ती मिळाल्यावर ते वचन तो विसरला नाही. शिकागोचे कार्डिनल सॅम्युएल स्ट्रिच यांच्या सल्ल्याने मेम्फिस हे स्थळ निश्चित झाले आणि १९६२ साली रुग्णालय सुरू झाले. वर्णभेदाच्या त्या काळात तेथे कोणत्याही वंशाच्या मुलाला प्रवेश होता आणि उपचाराचे पैसे कुटुंबाकडून घेतले जात नसत.

आता पुन्हा परळला येऊ. १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने वारल्या. पती सर दोराबजी यांनी १९३२ मध्ये ल्युकेमियाच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावे विश्वस्त निधी स्थापन केला आणि त्याच वर्षी तेही गेले. टाटांच्या विश्वस्तांनी २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. हाफकिन संस्थेपासून ते फार दूर नाही. ज्या रस्त्यावर हे रुग्णालय आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. गोव्याचे हे कॅथलिक शल्यविशारद तेथे आयुष्यभर कर्करुग्णांची सेवा करीत राहिले. याच रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले मज्जारोपण केले. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी होती, तिला मायलॉइड ल्युकेमिया होता आणि मज्जा तिच्या भावाने दिली. डॉ. अडवाणी स्वतः बालपणी झालेल्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीतून वावरतात. १९८० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने 'एम.सी.पी. ८४१' नावाची उपचारपद्धती मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथे अवलंबिली गेली. तीत भारतीय रुग्णालयांना झेपेल अशी औषधांची मांडणी होती. ज्या आजारात पूर्वी फार थोडी मुले वाचत, त्यात निम्म्याच्या आसपास मुले वाचू लागली. आज श्रीमंत देशांत ए.एल.एल. ची सुमारे ९० टक्के मुले बरी होतात. आपल्याकडील चांगल्या केंद्रांतही बहुसंख्य मुले बरी होतात. हॉजकिन लिम्फोमाचे चित्र तर याहून उजळ आहे.

मधेच उपचार सुटणे

मग हे अंतर का राहिले? औषधे बहुतेक तीच आहेत, जुनी आहेत आणि भारतात तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगासाठी विशेष कार्यक्रम हाती घेतला. बरी होणारी मुले २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के व्हावीत हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यातील विवेचनात उशिरा होणारे निदान, उपचारातील जंतुसंसर्ग आणि अर्धवट सुटणारा उपचार ही कारणे पुढे येतात. यातील शेवटचे कारण आपल्या वस्तीशी थेट संबंधित आहे.

ए.एल.एल. चा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. पहिल्या महिन्यातच बहुतेक मुलांच्या रक्तातील कर्कपेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनाशा होतात. मूल खाऊ-खेळू लागते. अशा वेळी रोजंदारीवर पोट असलेल्या हमालाने, ठेलेवाल्याने, घरकाम करणाऱ्या मातेने 'आता बरा झाला आहे' असे म्हणणे अगदी स्वाभाविक आहे. प्रत्येक फेरीला दोघांपैकी एकाची मजुरी बुडते, घरी दुसरी लहान मुले असतात, उधारी वाढलेली असते. परंतु दिसत नाहीत म्हणून पेशी संपलेल्या नसतात. त्या कोट्यवधींच्या संख्येने लपून असतात आणि औषध थांबताच परततात. परतलेला आजार पहिल्यापेक्षा पुष्कळ कठीण असतो. टाटा रुग्णालयात पूर्वी पाचांतील सुमारे एक मूल उपचार नाकारीत वा सोडून देत असे. निवास, भोजन, औषधे आणि सामाजिक कार्यकर्त्यांचा पाठपुरावा यांची जोड मिळाल्यावर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आले. यासाठी नवे औषध शोधावे लागले नाही.

एक श्रद्धेची बाबही स्पष्ट बोलायला हवी. प्रार्थनासभेहून परतल्यावर गोळ्या बंद करणारी कुटुंबे आढळतात. आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार ख्रिस्तसभा देते, तो औषध सोडण्याच्या अटीवर देत नाही. आपल्या धर्मभगिनी देशभर रुग्णालये चालवितात, यावरून या प्रश्नाचे उत्तर मिळावे.

कळमन्यातून उपचारासाठी कुठे जावे? प्राथमिक तपासणीसाठी मेयो आणि मेडिकल ही शासकीय रुग्णालये आहेत. कर्करोगासाठी मानेवाडा मार्गावरील राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय अनेक वर्षांपासून विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या रुग्णांना परिचित आहे. वर्धा मार्गावर जामठा येथे राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. शहराच्या पूर्वेकडून हे दुसरे टोक झाले, तरी पारडीकडील प्रजापतीनगर स्थानकातून मेट्रोने सीताबर्डीला गाडी बदलून खापरीपर्यंत जाता येते. एवढ्याने रिक्षाचे बरेच पैसे वाचतात. मुंबईला जावे लागलेच, तर रेल्वेची सवलत आहे : उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णास शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात भाडे पूर्ण माफ, सोबत्यास त्यात ७५ टक्के सूट. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. मुंबईत उतरण्याचा प्रश्न मोठा असतो. २००६ पासून कार्यरत असलेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था कर्करोगग्रस्त मुलांना पालकांसह निःशुल्क राहू देते. वांद्रे येथे डॉ. बोर्जेस यांच्या नावाचे रुग्णनिवासही आहे. टाटा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात याची चौकशी पहिल्याच दिवशी करावी. लाजू नये.

पैशासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजना एकत्रितपणे राबविल्या जातात. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयात विनामूल्य मिळतात. प्रत्येक अशा रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, शिधापत्रिका आणि आधार घेऊन प्रथम त्याला भेटावे. आधी खासगी रुग्णालयात दागिने मोडून, कर्ज काढून पैसे भरायचे आणि मग योजनेची आठवण व्हायची, असा उलटा क्रम फार घडतो. शिधापत्रिकेवर मुलाचे नाव नसणे ही नेहमीची अडचण आहे. ती आजार नसतानाच दूर करून ठेवावी.

घरी आल्यावर

उपचार चालू असलेल्या मुलाला ताप येणे ही रुग्णालय गाठण्याची वेळ समजावी. थर्मामीटरवर १००.४ अंश दिसले की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी कमी असताना काही तासांत जंतू रक्तात पसरतात आणि प्रतिजैविक तासाभरात सुरू झाले तर फरक पडतो. अशा मुलाला दंडात वा कमरेत इंजेक्शन घेऊ देऊ नये, तेथे रक्त साकळते.

गोळ्यांच्या काळातील एक चूक जिवावर बेतते. मेथोट्रेक्सेट ही गोळी, जी फार्बरांच्या औषधाची धाकटी बहीण म्हणावी अशी, या टप्प्यात आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. मर्कॅप्टोप्युरिन ही दुसरी गोळी रोजची असते. दोन्ही पिवळसर, दोन्ही लहान. अदलाबदल झाली तर मज्जा जळून जाते. दिनदर्शिकेवर मेथोट्रेक्सेटचा वार लाल शाईने लिहून ठेवावा आणि दिलेली गोळी त्याच दिवशी खोडावी.

आहाराविषयी अनेक भ्रम आहेत. दूध बंद, भात बंद, अंडी बंद अशी यादी शेजारी देतात आणि मूल कुपोषित होते. घरचे ताजे, पूर्ण शिजलेले अन्न, उकळलेले पाणी आणि स्वच्छ हात एवढे पुरे. संत्रे, केळे यांसारखी जाड सालीची फळे धुऊन, घरी सोलून बहुधा चालतात. कळमन्यात राहून संत्र्याला मुकण्याचे कारण नाही. कापून ठेवलेली फळे, उघड्यावरचा रस, चटणी मात्र टाळावी. बाजाराच्या आवारातील धान्याची व मिरचीची धूळ, भिजलेल्या पोत्यांची बुरशी यांपासून मुलाला दूर ठेवावे. बुरशीचा फुप्फुसातील संसर्ग या मुलांना फार जड जातो. गल्लीत कांजिण्या आल्याचे कळताच, मुलाच्या अंगावर काही उठण्याआधी, डॉक्टरांना कळवावे. घरातील धाकट्या भावंडाला पोलिओचे तोंडावाटे थेंब द्यायचे की इंजेक्शन, हेही त्यांनाच विचारावे.

रक्ताची गरज वारंवार लागते. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, म्हणून त्या साठवून ठेवता येत नाहीत, दाताच यावा लागतो. यंत्राद्वारे प्लेटलेट देणाऱ्यास त्याच्या तांबड्या पेशी परत मिळतात आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा दान करू शकतो. धर्मग्रामातील तरुणांनी रक्तगटासह अशी नावांची वही केली, तर मध्यरात्री धावणाऱ्या पित्याला ती पुरते. मज्जारोपणाची शक्यता असेल तर आईवडील व भावंडांचे रक्त शक्यतो चढवू नये, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारांत एक असते. ज्याला कुणी जुळत नाही त्याच्यासाठी दात्यांच्या नोंदवह्या आहेत. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नोंदणी होते.

तरुणांविषयी थोडे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्यांना संतपद दिले ते कार्लो अकुतिस १५ व्या वर्षी, १२ ऑक्टोबर २००६ रोजी, इटलीतील मोंझा येथे निवर्तले. त्यांना मायलॉइड ल्युकेमियाचा 'प्रोमायलोसायटिक' हा प्रकार झाला होता. आरंभी तो साधा फ्ल्यू वाटला आणि त्यानंतर काही दिवसांतच मेंदूतील रक्तस्रावाने सारे संपले. या प्रकारात रक्त गोठण्याची यंत्रणा कोसळते, म्हणून पहिले दिवसच सर्वांत धोक्याचे. ते निभावले तर जीवनसत्त्व 'अ'पासून बनविलेले औषध आणि शुद्ध केलेले आर्सेनिक यांनी हा आजार बहुतेक रुग्णांत कायमचा बरा होतो. वैद्यांच्या देखरेखीखाली शिरेतून दिलेले आर्सेनिक वेगळे आणि भोंदूच्या पुडीतील वेगळे, हे सांगायला नको.

आजार उलटलेल्यांसाठीही दार पूर्ण बंद नाही. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत बदल करून परत देण्याची 'कार-टी' उपचारपद्धती मुंबईच्या आय.आय.टी. आणि टाटा रुग्णालयाने मिळून विकसित केली. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तिचा आरंभ झाला. ती बी-पेशींच्या ल्युकेमिया व लिम्फोमासाठी, १५ वर्षांवरील रुग्णांना आहे. परदेशी उपचाराहून तिची किंमत पुष्कळ कमी, तरी लाखांच्या घरात आहे. सामान्य घराला ती आजही परवडत नाही.

तरुणांची अडचण औषधापेक्षा वेगळी असते. बारावीचे वर्ष बुडते, नोकरीचा पत्ता नसतो, मुलीच्या विवाहाची चिंता घरच्यांना आजाराहून मोठी वाटू लागते आणि म्हणून आजार लपविला जातो. मुलीच्या बाबतीत उपचारच उशिरा सुरू होण्याचे प्रकार घडतात, हे कटू असले तरी सत्य आहे. बरे झालेल्यांपैकी पुष्कळजण विवाह करतात आणि त्यांना निरोगी मुले होतात. काही औषधांनी प्रजननक्षमता घटू शकते. म्हणून केमोथेरपीच्या पहिल्या डोसापूर्वी, मुलाचे वीर्य किंवा मुलीची बीजांडे जपून ठेवण्याविषयी, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. नंतर ती संधी राहात नाही.

उपचार संपल्यावर फाईल माळ्यावर टाकू नये. टाटा रुग्णालयात १९९१ पासून बऱ्या झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो, याचे कारण काही औषधांचा परिणाम कित्येक वर्षांनी दिसतो. डॉक्सोरुबिसिनवर्गीय औषधांची एकूण मात्रा हृदयाच्या दृष्टीने आयुष्यभर महत्त्वाची ठरते. पंधरा-वीस वर्षांनी गरोदर राहिलेल्या स्त्रीच्या डॉक्टरांना तो आकडा हवा असतो. कोणते औषध, किती मात्रा, किती किरणोपचार, कोणती तारीख, एवढे असलेला एका पानाचा सारांश रुग्णालयातून मागून घ्यावा, त्याच्या दोन प्रती काढाव्यात आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवावा.